नाना आर्मरर आणि नळीवरची माशी

नानांना फटाक्याचा आवाज सहन होत नसे. दिवाळीत गल्लीतल्या पोरांनी फटाका लावला की ते कानांवर उपरणं गुंडाळून मोरीकडच्या भिंतीला पाठ लावून बसत. पोरं हसायची. ज्या माणसाचं सगळं आयुष्य बंदुकांत गेलं, तो फटाक्याला घाबरतो याची त्यांना मजा वाटायची. नाना म्हणायचे, "हसा लेकानू. आवाज म्हंजे काय, ते तुमाला ठावं न्हाई, तेच बरं हाय."

भिंगारला आमच्या खोलीला लागून त्यांची खोली होती. मधे मातीची एकच भिंत, तीही वर छपरापर्यंत पोचत नव्हती. सत्तर साली मी लग्न होऊन तिथं आले, तेव्हा नानांची पासष्टी झाली असेल. फौजेत ते बंदुका दुरुस्त करायचे, त्या कामाला आर्मरर म्हणतात. पेन्शनीत निघाल्यावर लोकांनी तेच त्यांचं आडनाव करून टाकलं. त्यांचं गाव सुप्याच्या पलीकडं, पारनेर तालुक्यात. मुलगा तिथं शेती बघायचा. बायको वारलेली. खोलीत एक लाकडी बाक, त्याला बसवलेला लोखंडी शिकंजा, भिंतीला टांगलेल्या कानशी, आणि एक पितळी कडीचं भिंग. बिछाना आणि स्वयंपाकाचं सामान एवढं थोडं होतं, की घर कारखान्यात राहतंय असं वाटायचं.

आमचे मालक पिठाच्या गिरणीवर होते. दिवसभर मी एकटी. माझा स्वभाव पहिल्यापासून न बोलण्याचा. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही मागच्या रांगेत बसून. नळावर बायका भांडायला लागल्या की मी हंडा तसाच ठेवून घरात यायची. अशा बाईची आणि नानांची ओळख कशी झाली, तर त्यांच्या एका बोलण्यामुळं.

कुणीही हत्यार घेऊन आलं की नाना ते भिंतीकडं तोंड करून उघडायचे, गोळ्यांच्या सहाही घरांवरून बोट फिरवायचे, आणि पुन्हा एकदा फिरवायचे. आणणाऱ्यानं शंभर वेळा सांगितलं की रिकामं आहे, तरी. तोपर्यंत एक अक्षर बोलू द्यायचे नाहीत. "आधी रिकामं, मंग बोलनं," म्हणायचे. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात आमचं दोघांचं भांडण झालं. यांचा आवाज चढला, मी कोपऱ्यात रडत होते. तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला, "आधी रिकामं करा, मंग बोला!" हे एकदम गप्प झाले आणि मग दोघांनाही हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी मी नानांना भाजी नेऊन दिली. तेव्हापासून जाणं-येणं सुरू झालं.

नानांकडं नव्या बंदुका फार येत नसत. यायची ती जुनी रिव्हॉल्वरं. कुणाच्या आजोबांचं, कुणाच्या चुलत्याचं, कुठल्या जुन्या पाटलाच्या पेटीतलं. लोकांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असायची, यातलं मूळचं किती आणि मागाहून बदललेलं किती. आणि नानांचं म्हणणं, सगळ्यांत आधी बदलते ती माशी.

रिव्हॉल्वरच्या नळीच्या टोकावर एक बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. मागं एक खाच असते. खाचेतून माशी बघायची आणि माशीच्या टोकावर सावज ठेवायचं. माशी उंच असली की गोळी खाली जाते, खुजी असली की वर जाते. म्हणून नेम न साधणारा माणूस स्वतःचा हात तपासायच्या ऐवजी माशी घासतो, असं नाना म्हणायचे. कुणी ती खिशात अडकू नये म्हणून घासतो. कुणी मोडली म्हणून दुसरी डकवतो.

मूळची माशी कशी ओळखायची ते त्यांनी मला दाखवलं होतं. मी काही विचारलं नव्हतं. मी चहा घेऊन गेले की ते भिंग माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "बघ, डोळं हायेत तुला." जुन्या पोलादावर वांग्याच्या सालीसारखा निळा-काळा रंग असतो. नळीचं वांगं आणि माशीचं वांगं एकाच वाफ्यातलं वाटलं पाहिजे. वितळलेल्या कथलाचा डाक लावून बसवलेली असेल तर बुडाशी भाताच्या पेजेचा वाळलेला ओघळ दिसावा तशी बारीक रेघ दिसते. कानस फिरली असेल तर ओरखडे सगळे एका दिशेला असतात आणि वरची कड सपाट होते, हाताला टोचते. हे सगळं मला स्वयंपाकघरातल्या गोष्टींसारखं कळत गेलं. हत्याराची भीती मात्र कधी गेली नाही. नाना म्हणायचे, जाऊ नये.

एकदा नगरहून एक वकील आले. काळा कोट, हातात छत्री. त्यांच्या आजोबांना कुण्या गोऱ्या साहेबानं खूश होऊन दिलेलं रिव्हॉल्वर होतं. ते बाकावर ठेवून म्हणाले, "जसं दिलं तसं आहे. आजपर्यंत कुणी हात लावलेला नाही."

"कुनी म्हंजे कुनीच न्हाई?"

"कुणीच नाही."

नानांनी रिकामं करून बघितलं, नळी खिडकीकडं धरली, भिंग लावलं. मग म्हणाले, "मंग साहेब, ही चवली कुनी बसवली?"

वकिलांना कळेना. नानांनी मला हाक मारली. "शांते, ये. काय दिसतंय सांग साहेबांना."

मी पदर सावरून भिंगातून बघितलं. माशी लोखंडाची नव्हतीच. दोन आण्यांच्या जुन्या नाण्याची काळी पडलेली चांदी होती. गोल कडेवर नाण्याला असतात तसे बारीक दाते, आणि एका अंगाला झिजलेला कान. राजाचा कान. मी हळूच तसं सांगितलं.

वकिलांचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्या आजोबांनी लबाडी केली म्हणायची?"

"छ्या! लबाडी कशाची? आजोबांची नजर अधू झाली असंल. काळी माशी दिसंना, म्हनून चांदीची चकाकती बसवून घेतली. म्हातारा मानूस, पर नेम सोडवंना. काम सोनाराचं हाय बगा, गवंड्याचं न्हाई."

वकिलांनी रिव्हॉल्वरवर हात ठेवला. मग म्हणाले, "शेवटी शेवटी त्यांना संध्याकाळचं दिसत नसे. आम्ही हात धरून न्यायचो." येताना ताठ आलेला माणूस जाताना रिव्हॉल्वर पोराला उचलावं तसं घेऊन गेला. ते गेल्यावर नाना मला म्हणाले, "बदललंय का, हे कुनीबी सांगंल. का बदललंय, ते इचारावं."

दुसरे एक गृहस्थ पुण्याहून मोटारीतून आले. त्यांना नवी माशी बसवून हवी होती, पण ती जुनी दिसायला हवी होती. नाना म्हणाले, "बसवून देतो. पर बुडाला माझी खूण ठोकीन." ते प्रत्येक दुरुस्तीच्या खाली मोहरीएवढा एक टिंब ठोकायचे, पुढं कुणी बघितलं तर कळावं म्हणून.

"खूण दिसेल की!"

"दिसावी म्हनूनच ठोकतो."

"अहो, इतकं बारीक कोण बघतंय?"

"मी बगतो की."

गृहस्थ रागारागानं गेले. मोटारीची धूळ खाली बसल्यावर नाना म्हणाले, "ह्यो बाबा पोरीच्या डोक्याला पीठ लावून तिला आजी म्हनून बसवंल." मी तोंडात पदर कोंबून हसले.

पण बहात्तरच्या सुमाराला मला एक गोष्ट दिसायला लागली. नाना सारखं म्हणायचे, "भिंगावर धूळ हाय गं, पूस जरा." मी पदरानं पुसून द्यायची. थोड्या वेळानं पुन्हा, "पूस की नीट." भिंग स्वच्छ असायचं. चहा बशीत ओतताना तो बशीच्या बाहेर जायचा. हत्यारावरचे आकडे ते आता मला वाचायला लावायचे, त्यासाठी त्यांनीच मला इंग्रजी आकडे शिकवले होते. भिंगात धूळ नाही हे मला ठाऊक होतं. मी ते बोलले नाही. रोज पुसत राहिले.

दुष्काळाचं वर्ष होतं. एक दिवस दुपारी कचेरीतून एक हवालदार आला. कापडात शिवून लाखेची मोहर केलेलं एक बोचकं आणि एक कागद घेऊन. अशी सरकारी कामं नानांकडं अधूनमधून यायची. हवालदार दारात पाय सोडून बसला आणि त्यानं हकिकत सांगितली.

घोडेगावजवळच्या एका गावातल्या पाटलांचं हे रिव्हॉल्वर. पाटील वारले. धनी गेला की परवान्याचं हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. त्यांच्या विधवेनं ते दोन महिने उशिरा जमा केलं. जुन्या कागदात लिहिलं होतं की माशी अर्धचंद्रासारखी उंच, वर आडव्या रेघा. आता बघावं तर माशी खुजी आणि रेघा नाहीत. पाटलाच्या धाकट्या भावानं अर्ज केला की त्या दोन महिन्यांत वहिनीनं हत्यार तिच्या भावाला वापरायला दिलं, आणि खिशात लपवता यावं म्हणून त्यानं माशी घासून घेतली. तो भाऊ बहिणीचं शेत बघायला तिच्याकडं येऊन राहिला होता. घोडेगावच्या बाजारात त्याची एकदा मारामारीही झाली होती.

"आता तुमी सांगा, नाना," हवालदार म्हणाला. "माशी मूळची का बदललेली? मूळची असंल तर घासली कवा? तुमच्या बोलन्यावर हाय सगळं."

नानांनी रिकामं करून बघितलं. खिडकीशी नेलं. अंगठा माशीवरून फिरवला. भिंग लावलं, काढलं. "शांते, धूळ पूस."

मी पुसून दिलं. मग त्यांनी रिव्हॉल्वर माझ्यापुढं धरलं. "बघ."

हवालदार दारातून हसला. "काय नाना, आता बाया भरती केल्या का पलटनीत?"

मी तिथंच आकसले. मान खाली घालून भिंगातून बघितलं.

"डाकाची रेघ हाय?"

"नाही."

"म्हंजे मूळची. वर रेघा हायेत?"

"नाहीत."

"रंग?"

"रंग गेलाय. चकाकतंय."

"चकाकतंय," नाना म्हणाले आणि मान हलवली. जुनी झीज काळवंडते, चकाकी म्हणजे ताजं काम, हा त्यांचा नियम.

मला अजून काहीतरी दिसत होतं. माशी सपाट नव्हती, एका अंगाला उतरती होती, कड गुळगुळीत. आणि बुडाच्या कोपऱ्यात काहीतरी पिवळं-तांबडं दाटून बसलं होतं. पण नानांनी ते विचारलं नाही. जे विचारलं तेवढंच मी सांगितलं. दारात तो माणूस बसला होता आणि मला आत पळायची घाई झाली होती.

अहवालही मीच लिहिला. त्यांचे डोळे शिणले होते म्हणून त्यांनी सांगितलं आणि मी माझ्या चौथीच्या अक्षरात लिहिलं, 'माशी मूळची आहे. परंतु ती अलीकडे कानशीने घासून कमी केलेली आहे.' खाली नानांनी सही केली. सही ओळीच्या खाली गेली.

आठ दिवसांनी एक बाई आली. पायात धूळ, कपाळ मोकळं, काखेत एक गाठोडं. पायरीवर बसली आणि म्हणाली, "आर्मरर नाना तुमीच का? मी चंद्रभागा. घोडेगावाकडची. ज्याच्या माशीचा कागद तुमी दिला, त्या घरची."

नाना बाकावरून उठले नाहीत. "बोला."

"माझा भाऊ तीन दिस झालं आत हाय. दीर म्हनतो, तुजा भाऊ गेला खडी फोडायला, आता तू बी जा म्हायेराला. नाना, त्यानं हात सुदिक लावला न्हाई ओ त्याला. देवाम्होरं शपथ घेते."

"बाई, लोखंड बोललं ते मी सांगितलं. मानसाचं मला काय ठावं?"

"आमी दर खंडेनवमीला ते काढतो. देवाम्होरं पुजतो. चिंच लावायची, इटकरीची पूड घ्यायची आन् काथ्यानं घासून लख्ख करायचं. हळदी-कुकू लावायचं. बाकी आमी बायकांनी त्याचं काय करावं? औंदा धनी गेल्यालं, देवघरात तसंच ऱ्हायलं, म्हनून उशीर झाला."

"काथ्यानं माशी जात न्हाई, बाई. पोलाद हाय ते."

"माझ्या आजेसासूनं घासलं, सासूनं घासलं, मी ईस वर्सं घासते. जात नसंल का?"

"न्हाई जात," नाना म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मी आमच्या दारात राखेनं भांडी घासत होते. हातात उलथनं होतं. ते माझ्या आईच्या सासूचं, आईनं मला लग्नात दिलेलं. लोखंडाचं, जाड. पण त्याचा एक कोपरा पार गेलेला, सरळ धार तिरकी झालेली, कड गुळगुळीत. ते मी रोज हातात धरत होते. त्या दिवशी मी त्याच्याकडं बघितलं आणि माझे हात थांबले.

बोलायला तोंड उघडेना. मी उठले, तशीच राखेच्या हातानं नानांच्या खोलीत गेले आणि उलथनं त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"हे काय?"

नानांचा अंगठा धारेवरून फिरला. कोपऱ्याशी थांबला. पुन्हा फिरला.

"कुनी कापलं ह्ये?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "घासून गेलंय. तीन जणींनी."

मग माझ्या तोंडून बाकीचंही निघालं, माशी एका अंगाला उतरती होती ते, ओरखडा एकही नव्हता ते, कोपऱ्यात पिवळं-तांबडं दाटलं होतं ते.

नाना माझ्याकडं बघत राहिले. माझ्याकडं म्हणजे माझ्या जरा डावीकडं. "तवा का न्हाई बोललीस, शांते?"

"तुम्ही विचारलं नाही."

त्यांनी उलथनं बाकावर ठेवलं. "व्हय," ते म्हणाले. "न्हाई इचारलं." मग त्या बाईकडं वळले. "कसं घासता, दाखवा. हातानं दाखवा."

चंद्रभागाबाईनं गाठोडं बाजूला ठेवलं. डावा पाय पुढं घेऊन त्याखाली जणू रिव्हॉल्वरची मूठ दाबली आणि उजव्या हातानं स्वतःकडं ओढत हवेत घासून दाखवलं. नानांनी आपला हात तिच्या हाताच्या बरोबरीनं फिरवला. दोनदा, तीनदा. जोर दर वेळी एकाच अंगाला पडत होता. मग उपरणं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "उद्या सकाळी कचेरीत या."

मला त्यांनी चल म्हटलं. यांना विचारलं तर हे म्हणाले, "जा. पण तिथं मधे मधे बोलू नकोस." मला हसू आलं. आयुष्यात मी कधी मधे बोलले होते?

कचेरीतले साहेब तरुण होते. नानांनी रिव्हॉल्वर मागवलं, भिंतीकडं करून उघडलं, तपासलं आणि टेबलावर पांढरा कागद पसरला. मला म्हणाले, "सुई घे. कोपऱ्यातलं काढ." मी बुडाच्या खाचेतला तो थर हळूहळू कोरला. दगडासारखा घट्ट बसला होता. कागदावर बाजरीएवढे दोन कण पडले, पिवळट.

नाना हवालदाराला म्हणाले, "तुज्या तंबाखूच्या डबीतला चुना दे."

कणांवर पाण्याचा थेंब आणि चुन्याचं बोट लावलं. पिवळं होतं ते लाल झालं. हळदीला चुना लावला की काय होतं ते साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"ह्यो थर झिजलेल्या कडंवर चढलाय, साहेब. म्हंजे झीज आधीची, थर मागनं बसलेला. औंदा कानस फिरली असती तर थर तुटला असता. चकाकतंय ते दरसाल इटकरीनं घासल्यामुळं. ताजं काम न्हाई."

साहेबांनी जुना अहवाल समोर ओढला. "हे तुम्हीच लिहून दिलं आहे ना? अलीकडे कानशीने घासलेली."

"व्हय. चूक लिवलं."

"तुमच्यासारख्या माणसाकडून एवढी चूक कशी झाली?"

नानांना सांगायला पुष्कळ गोष्टी होत्या. उजेड कमी होता, घाई होती. भिंगावर धूळ होती असंही म्हणता आलं असतं. ते ताठ उभे राहिले, फौजेत राहत असतील तसे.

"डोळ्यांत मोतीबिंदू हाय, साहेब. दोन वर्सं झाली. कुनाला सांगितलं न्हाई. सोताला बी न्हाई."

"मग आजचं हे मत तरी आम्ही कसं धरायचं?"

"माझं धरू नका. हिचं धरा. बगितलं हिनं."

सगळे माझ्याकडं वळले. माझ्या पायाखालची फरशी मला अजून आठवते, काळी, मधे तडकलेली. साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्हाला काय दिसलं?" मी फरशीकडं बघत सांगितलं, उजवी बाजू जास्त झिजली आहे आणि कानशीचा ओरखडा एकही नाही. एवढंच. साहेबांनी भिंग घेतलं, खिडकीशी जाऊन स्वतः बघितलं, आणि परत येऊन लिहायला बसले.

त्या बाईचा भाऊ संध्याकाळी सुटला. आम्ही निघताना साहेब अवघडून म्हणाले, "नाना, यापुढं तुमच्याकडं काम पाठवता येणार नाही."

"पाठवूच नका," नाना म्हणाले.

बाहेर चंद्रभागाबाई त्यांच्या पायाशी वाकली. नाना दोन पावलं मागं सरले आणि त्यांनीच तिला हात जोडले. "आज त्येला धरून चार दिस झालं, बाई. ते चार दिस मीच बसवलं त्याला आत. त्याला सांगा, नानानं बसवलं."

घरी आल्यावर त्यांनी मला पोस्टातून कार्डं आणायला लावली. दोन वर्षांत त्यांनी जी जी हत्यारं बघितली होती, त्यांच्या मालकांची नावं त्यांना तोंडपाठ होती. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. 'मी पाहून दिलेले मत कच्चे समजावे. माझे डोळे चांगले नव्हते. दुसऱ्या जाणकाराकडून पुन्हा तपासून घ्यावे.' चौदा कार्डं झाली. नवव्या कार्डाला मी म्हणाले, "नाना, यांचं तर बरोबर होतं. मी पण बघितलं होतं."

"तू बगितलं हुतंस. मी त्यांना सांगितलं, मी बगितलं म्हनून. लिव."

काही लोकांची उत्तरं आली. एक जण येऊन दारात ओरडून गेला की तुमच्या शब्दावर मी भावाशी वैर धरलं. नानांनी ऐकून घेतलं. तो गेल्यावर मला म्हणाले, "त्याच्या मनातलं रिकामं झालं. बरं झालं."

गुढीपाडव्याच्या आधी त्यांचा मुलगा बैलगाडी घेऊन आला. बाक आणि शिकंजा गाडीत चढवला. कानशी नानांनी गल्लीतल्या एका लोहाराला दिल्या. भिंग माझ्यापुढं धरलं, पण मी नको म्हटलं. घेतलं असतं तर मला रडू आलं असतं. ते नको म्हणणं मला आजवर लागून राहिलं आहे.

त्यानंतर वर्षाभरानं मी पुण्याला नणंदेकडं चालले होते. सुप्याला एस.टी. थांबली. खिडकीतून बघितलं तर स्टँडवरच्या चहाच्या टपरीपाशी बाकड्यावर नाना बसलेले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं असेल. गुडघ्यावर हात ठेवून, मान थोडी वर करून ते बसले होते, कुणीतरी आवाज दिला तर ऐकू यावा तसे. मुलगा दिसत नव्हता. तिकडं आणखी दोन गाड्या उभ्या होत्या, माणसांची चढ-उतार चालली होती.

कंडक्टरनं घंटी मारली. शेजारी परके पुरुष होते, समोरही होते. मी उभी राहिले, खिडकीचा गज धरला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल एवढ्यानं हाक मारली, "नाना! मी शांता!"

नानांनी ऐकलं. त्यांचा चेहरा उजळला, ते काठीवर जोर देऊन उठले, आणि पलीकडं उभ्या असलेल्या नगरच्या गाडीकडं तोंड करून त्यांनी हात वर केला. आमची गाडी वळणापर्यंत पोचली तरी ते त्या गाडीला हात करत होते.